छावणीतले खेळ

मुलांनो, संध्याकाळी गल्लीत दोरी बांधून तुम्ही बॅडमिंटन खेळला असाल. रॅकेटने फूल मारायचे आणि ते दोरीपलीकडे घालवायचे, एवढे सर्वांनाच ठाऊक असते. पण या खेळाचे पहिले नियम कोठे तयार झाले, असे विचारले तर पुष्कळजण इंग्लंडचे नाव घेतील. ते नियम तयार झाले आपल्या पुण्यात, 1873 साली, आणि हा खेळ खेळणारे होते पुण्याच्या छावणीतले इंग्रज लष्करी अधिकारी.

लढाई थोडे दिवस चालते. बाकीचे दिवस फौज छावणीत वाट पाहत बसते. सकाळी परेड होते, दुपारी ऊन असते आणि संध्याकाळ सरता सरत नाही. मग कोणी पत्ते काढतो, कोणी दारूच्या नादी लागतो. अशा वेळी खेळ उपयोगी पडत असे. इंग्रजांच्या देशात फूल हवेत झेलत ठेवण्याचा एक जुना खेळ होता. त्यात हार-जीत नव्हती. हिंदुस्थानात तो खेळताना मध्ये जाळी आली आणि त्याचा सामना झाला. या खेळाला लोक ‘पूना’ असेही म्हणत. सुट्टीवर गेलेल्या अधिकाऱ्यांनी तो मायदेशी नेला. तिथे बॅडमिंटन नावाचा एका सरदाराचा वाडा होता. त्या वाड्याचे नाव खेळाला चिकटले आणि ‘पूना’ मागे पडले! 1992 साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये पदकांसाठी खेळला गेला.

त्याच काळात, दूर अमेरिकेत, सरहद्दीवरच्या ठाण्यांत शिपाई बेसबॉल खेळत होते. तिथेही कारण तेच होते. आसपास वस्ती नाही आणि वेळ जात नाही. (फौज, शिपाई, सरहद्द, मैदान हे शब्द तुम्हाला वेगळे शिकवावे लागत नाहीत. ते उर्दूत आहेत तसेच मराठीतही आहेत.)

पुढे हे छावणीतले मैदान आपल्या शिपायांनाही मिळाले. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले फौजेत जातात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून इतके लोक सैन्यात गेले, की त्या गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द जोडला गेला. या भागातल्या मुलांना कुस्ती गावातच मिळे. हॉकी, मुष्टियुद्ध असे खेळ त्यांना पलटणीत भेटले.

सांगली जिल्ह्यात इस्लामपूरजवळ पेठ नावाचे गाव आहे. मुरलीकांत पेटकर हे तिथले. त्यांचा जन्म 1944 सालचा. लहान वयातच ते सैन्यात गेले. सैन्याची यंत्रे आणि गाड्या दुरुस्त करणारे एक दल असते, त्या दलात ते होते. तिथे ते मुष्टियुद्ध शिकले आणि त्यात त्यांनी नाव मिळवले.

1965 साली भारत आणि पाकिस्तान यांच्यात युद्ध झाले. पेटकर तेव्हा सरहद्दीच्या भागात होते. छावणीवर हल्ला झाला आणि त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात जाऊन अडकली. प्राण वाचले, पण कमरेखालचे शरीर निकामी झाले. ते अजून पंचविशीचेही नव्हते. मुष्टियोद्ध्याला आधी पाय लागतात, हात नंतर. त्यांचा खेळ संपला होता.

मुंबईच्या नौदलाच्या रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. तिथे व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. पाण्यात शरीराचे ओझे वाटत नाही आणि पायांचे काम हात करू शकतात. मुष्टियुद्धाने कमावलेले ते हात आता पाणी कापू लागले. औषध म्हणून सुरू झालेले पोहणे हळूहळू त्यांचा खेळ झाले.

जखमी शिपायांना खेळाने उभारी देण्याची ही कल्पना इंग्लंडमध्ये लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरांनी रुजवली होती. 1948 साली लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले, त्याच दिवशी त्यांनी आपल्या रुग्णालयाच्या आवारात 16 जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्यात दोन स्त्रियाही होत्या. सगळे चाकांच्या खुर्चीवर बसून बाण मारत होते. त्या छोट्या स्पर्धेतूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले.

1972 सालचे पॅरालिंपिक जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात झाले. पेटकर तिथे 50 मीटर पोहण्याच्या शर्यतीत उतरले. त्यांनी 37.33 सेकंदांत अंतर कापून सुवर्णपदक जिंकले. तो त्या गटातला जागतिक विक्रम होता. पॅरालिंपिकमध्ये भारताला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे 1952 सालचे कांस्यपदक बहुतेकांना ठाऊक असते. पेटकरांचे सुवर्ण मात्र पुष्कळ वर्षे कोणाच्या लक्षात नव्हते. सरकारने त्यांना पद्मश्री दिली ती 2018 साली. सत्तावीस वर्षांच्या वयात जिंकलेल्या शर्यतीचा मान त्यांना त्र्याहत्तराव्या वर्षी मिळाला.

शब्दार्थ : छावणी – सैन्याचा तळ, पलटण – सैनिकांची तुकडी, निकामी – काम न करणारे, कणा – पाठीचे मधले हाड, उभारी – नवा जोम.

स्वाध्याय
1. छावणीत खेळाची गरज का भासत असे?
2. पोहणे आधी पेटकरांचे औषध होते आणि मग खेळ झाले. हे कसे घडले?
3. मराठीत आणि उर्दूत सारखे असलेले पाच शब्द या पाठातून शोधा आणि वाक्यांत वापरा.