अडकित्त्यातला खडा : एचआयव्हीवरच्या प्रोटीएज इन्हिबिटर औषधांविषयी

"तू केमिस्ट्री शिकतेस ना, बाय? मग ही गोळी रक्तात जाऊन नेमकं करते काय, तेवढं सांग."

आमच्या वाड्यावरच्या एका काकांनी मला हे विचारलं तेव्हा हातात पांढरी प्लास्टिकची बाटली होती. लेबल त्यांनी नखाने खरवडून काढलं होतं. नाव कुणाला दिसू नये म्हणून. गोळी होती अॅटाझानाविर आणि रिटोनाविर यांची, म्हणजे एचआयव्हीवरची. त्या दिवशी मी "विषाणूला थांबवते" एवढंच पुटपुटले. तृतीय वर्षाला बसलेल्या मुलीचं हे उत्तर काही खरं नव्हतं, आणि त्यांनाही ते कळलं. मंडळाच्या सरांनी अंकासाठी विज्ञानाचा एक लेख मागितला, तेव्हा ते राहिलेलं उत्तर द्यायचं ठरवलं. काकांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे.

आधी शब्दांचं बघू, कारण हा अंक वाङ्मय मंडळाचा. 'एंझाइम'ला परिभाषेत 'विकर' म्हणतात. हा शब्द मी घरी वापरून पाहिला. आईला 'विकार' ऐकू आला आणि तिने काळजीने कपाळाला हात लावून पाहिला. म्हणून पुढे एंझाइमच लिहिते. प्रथिनं कापणारं एंझाइम म्हणजे प्रोटीएज. आपल्या पोटातलं पेप्सिनही प्रोटीएजच, जेवणातली डाळ-मासळी तेच तोडतं. प्रोटीएजला अडवणारं औषध ते प्रोटीएज इन्हिबिटर.

आता विषाणूकडे. एचआयव्ही आपल्या रक्तातल्या सीडी४ नावाच्या पेशीत शिरतो. आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो डीएनए थेट आपल्या डीएनएत शिवून टाकतो. त्यानंतर ती पेशी स्वतःचं काम सोडून विषाणूचे सुटे भाग बनवू लागते. गंमत अशी, की हे भाग सुटे निघतच नाहीत. एकाला एक जोडलेली प्रथिनांची लांबलचक साखळी निघते. विषाणूचा गाभा, एंझाइमं, सगळं एकाच सुतात. ही साखळी नेमक्या ठिकाणी कापली गेली तरच खरा विषाणू तयार होतो. ते कापण्याचं काम विषाणूचं स्वतःचं प्रोटीएज करतं. आणि हे प्रोटीएजसुद्धा त्याच साखळीचा एक तुकडा असतं. म्हणजे त्याला आधी स्वतःला कापून मोकळं करून घ्यावं लागतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसती बसले होते.

हे एंझाइम दिसतं कसं? आजीचा अडकित्ता आठवा. दोन पाती, मध्ये सुपारी. एकच पातं घेऊन सुपारी फुटत नाही. एचआयव्हीचं प्रोटीएज अगदी तसं आहे. ९९ अमिनो आम्लांची एक साखळी, आणि तंतोतंत तशीच दुसरी. दोन्ही एकत्र आल्याशिवाय काम नाही. दोन्ही साखळ्यांत २५व्या जागेवर अॅस्पार्टिक आम्ल असतं, आणि ही दोन समोरासमोर आली की धार तयार होते. साखळीचा कापायचा भाग या दोघांच्या मध्ये येतो, वरून दोन झडपा मिटतात, आणि कट्‌कन तुकडा पडतो.

प्रोटीएज इन्हिबिटर म्हणजे या अडकित्त्यात घातलेला खडा. आकाराने सुपारीसारखा, म्हणून अडकित्ता त्याला आनंदाने तोंडात घेतो. पण कापायच्या जागी जिथे कच्चा बंध असायला हवा, तिथे औषधात न तुटणारा बंध ठेवलेला असतो. खडा फुटत नाही, सहजी निघतही नाही. पेशीतून विषाणूचे कण बाहेर पडत राहतात, पण न कापलेल्या साखळ्या पोटात घेऊन. सूक्ष्मदर्शकाखाली ते अर्धवट, गोलमटोल दिसतात. पिकलेल्या विषाणूत असतो तसा शंकूसारखा गाभा त्यांच्यात नसतो. असे कण दुसऱ्या पेशीला बाधा करू शकत नाहीत.

मग आपल्या पोटातलं पेप्सिन का बंद पडत नाही? तेही अॅस्पार्टिक आम्लांच्या धारेचंच. मलाही हाच प्रश्न पडला होता. विषाणूचं प्रोटीएज काही ठिकाणी प्रोलीन या अमिनो आम्लाच्या अलीकडचा बंध कापतं, आणि तसा बंध माणसाची एंझाइमं सहसा कापत नाहीत. सॅक्विनाविर बनवणाऱ्यांनी हाच फरक पकडला. शिवाय रक्तदाबासाठी रेनिन नावाच्या एंझाइमवर औषध शोधण्याचं काम आधीपासून चालू होतं. रेनिनही याच घराण्यातलं. ते काम इथे कामी आलं.

१९८९ साली या प्रोटीएजची त्रिमितीय रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. हे साल गोव्यातल्या आपल्यासारख्यांनी वेगळ्या कारणासाठीही लक्षात ठेवायला हवं. त्याच वर्षी डॉमिनिक डिसोझा या आपल्या गोवेकर तरुणाला, रक्तदानाच्या वेळी एचआयव्ही आढळला म्हणून, पोलिसांनी नेलं आणि आरोग्य कायद्याखाली म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटं डांबून ठेवलं. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. तिकडे प्रयोगशाळेत अडकित्त्याचं चित्र तयार होत होतं, आणि इकडे आपल्याकडे माणसालाच कुलूप. डॉमिनिक १९९२ साली गेला. पहिलं प्रोटीएज इन्हिबिटर, सॅक्विनाविर, अमेरिकेत मंजूर झालं डिसेंबर १९९५मध्ये. मधली तीन वर्षं मी बोटांवर मोजते, आणि मला पुढे लिहिवत नाही.

भारतात हा विषाणू १९८६ साली मद्रासमध्ये पहिल्यांदा सापडला, तो डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या देखरेखीखालच्या कामात. त्या माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेलं मराठी घर, आणि पती ख्रिस्ती डॉक्टर. १९९३ साली त्यांनी काढलेल्या संस्थेला वडिलांचं, वाय. आर. गायतोंडे यांचं, नाव दिलं. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांची यादी करताना आपण लेखक-गायकच मोजतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

सॅक्विनाविर आलं खरं, पण पोटातून रक्तात पोचायचं जेमतेम ४ टक्के. मार्च १९९६मध्ये रिटोनाविर आणि इंडिनाविर ही दोन आली. इंडिनाविर दर ८ तासांनी, उपाशीपोटी, आणि बरोबर तांब्या-तांब्या पाणी. नाहीतर मूत्रपिंडात खडे. रात्री गजर लावून उठणारी माणसं होती. तरी लोकांनी घेतलं, कारण परिणाम तसा होता. १९८७पासून झिडोव्हुडिन होतं, पण एकट्या औषधाला विषाणू काही महिन्यांत शिकून घ्यायचा. आता तीन औषधं एकदम, त्यातलं एक प्रोटीएज इन्हिबिटर. जुलै १९९६मध्ये व्हँकूवरच्या परिषदेत हे निकाल मांडले गेले. अमेरिकेत एचआयव्हीने होणारे मृत्यू १९९६ ते १९९७ या एका वर्षात सुमारे ४७ टक्क्यांनी घटले.

रिटोनाविरची गोष्ट तर एखाद्या कादंबरीतल्या पात्रासारखी. सुरुवातीला मात्रा होती ६०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. मळमळ, जुलाब, ओठांभोवती मुंग्या. शिवाय यकृतातलं सीवायपी३ए४ नावाचं एंझाइम, जे औषधं मोडून बाहेर टाकतं, त्यालाच हे अडवतं. म्हणजे बरोबर घेतलेली बाकीची औषधं रक्तात साठत जातात. दुर्गुणच. पण मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की बाकीची प्रोटीएज इन्हिबिटर याच एंझाइममुळे लवकर संपतात. मग १०० मिलिग्रॅम रिटोनाविर सोबत दिलं तर? तेच झालं. आज ते स्वतः विषाणूला मारायला दिलंच जात नाही. दुसऱ्या औषधाच्या पाठीशी उभं राहायला दिलं जातं. १९९८ साली याच औषधाने आणखी एक धक्का दिला. रेणू तोच, पण स्फटिक वेगळ्या रचनेचे बनू लागले आणि ते विरघळेनात. कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या, आणि रोग्यांना कडूजहर द्रव प्यावा लागला. साखर आणि खडीसाखर यांत फरक काय, असं म्हणणाऱ्यांसाठी हे उदाहरण.

हा दुर्गुण अजून आहेच, म्हणून ही गोळी घेणाऱ्याने दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना ती लपवू नये. कोलेस्टेरॉलवरचं सिमव्हास्टॅटिन, अर्धशिशीवरचं अर्गोटामिन, दम्याच्या पंपातली काही स्टिरॉइडं, ही रिटोनाविरबरोबर धोक्याची ठरतात. अॅसिडिटीच्या गोळ्यांनी अॅटाझानाविर नीट शोषलं जात नाही. आणि आपल्या देशात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन. ते रिटोनाविरच्या उलटं वागतं, यकृताला औषध मोडायची घाई लावतं, आणि प्रोटीएज इन्हिबिटर रक्तात टिकतच नाही. म्हणून तिथे त्याऐवजी रिफाब्युटिन देतात.

भारत सरकारने मोफत एआरटी १ एप्रिल २००४ला सुरू केली. त्या पहिल्या फळीत प्रोटीएज इन्हिबिटर नव्हतं. पहिली फळी निकामी झालेल्यांना दुसरी फळी हवी होती, ती २००८ साली मुंबईचं जे. जे. रुग्णालय आणि तांबरम इथून सुरू झाली. आज पहिल्या फळीत डोल्युटेग्राविर असतं, ते वेगळ्या एंझाइमला अडवतं. प्रोटीएज इन्हिबिटर आता बहुतेक मागच्या रांगेत. आमचे काका त्या मागच्या रांगेतले.

त्यांचे डोळे पिवळे झाले होते. वाड्यावर सगळ्यांनी सांगितलं, कावीळ. कुणी दारूवर घसरलं, कुणी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता दिला. काकांनी तेल-मासळी सोडली, पाल्याचा रस घेतला, आणि गोळ्या उष्ण पडतात म्हणून त्याही बंद केल्या. १८ दिवस. डोळे पांढरे झाले! म्हणजे रस लागू पडला, असंच ना?

नाही. अॅटाझानाविर यकृतातल्या आणखी एका एंझाइमला अडवतं, जे बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य बाहेर टाकायला मदत करतं. म्हणून बिलिरुबिन साठतं आणि डोळे पिवळे दिसतात. यकृत त्याने खराब होत नाही. गोळी थांबली की पिवळेपणा जातो. काकांचं नेमकं हेच झालं. पण पिवळे डोळे खऱ्या काविळीनेही होतात, तेव्हा हे घरी बसून ठरवायचं नसतं. रक्त तपासून डॉक्टर सांगतात.

त्या १८ दिवसांत आत काय झालं असेल, ते मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. खडे संपले, अडकित्ते मोकळे झाले. औषध अर्धवट असताना विषाणू वाढला, की ९९ मण्यांतला एखादा मणी बदललेले काही कण निघतात. त्यांच्या अडकित्त्यात जुना खडा नीट बसत नाही. रिटोनाविरच्या आधाराने दिलेल्या औषधाला हरवायला असे बरेच बदल एकत्र व्हावे लागतात, ही त्यातल्या त्यात चांगली बाजू. पण सतत खंड पडला तर तेही होतं. आणि डीएनएत शिवलेल्या विषाणूपर्यंत यातली कुठलीच गोळी पोचत नाही. म्हणून ती रोज घ्यायची. रोज घेतली आणि रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही.

काका बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे मला पाच वर्षांत कोणी सांगितलं नाही." केंद्रावरच्या समुपदेशक बाईंनी सांगितलंही असेल. गर्दीत, दोन मिनिटांत, दाराकडे डोळा ठेवून ऐकलेलं किती लक्षात राहतं? २०१७च्या एचआयव्ही कायद्याने कुणाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला मनाई आहे, पण वाड्यावरचे डोळे कायदा वाचत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते केंद्रावर गेले. खंड पडल्याचं खरं सांगितलं. रक्त तपासलं, बिलिरुबिन वाढण्याचं कारण गोळीच ठरलं, आणि तीच गोळी पुन्हा सुरू झाली. जेवणाबरोबर, कारण भरल्या पोटी ती जास्त चांगली शोषली जाते. डोळे परत पिवळे झाले आहेत. परवा तिठ्यावर कुणीतरी विचारलं, "काविळीचं काय झालं, भाऊ?" काका म्हणाले, "कावीळ नाही ती, गोळीचा रंग." कसली गोळी, ते त्यांनी सांगितलं नाही. घरी येऊन मात्र नव्या बाटलीचं लेबल त्यांनी खरवडलं नाही.