माल्टा : आधी शेकोटी, मग सुवार्ता



आपल्यापैकी काही कुटुंबे पवित्र भूमी, रोम, लूर्द, फातिमा अशा यात्रा करून आली आहेत. माल्टाला मात्र क्वचितच कोणी जाते. सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरवर असलेले हे भूमध्य समुद्रातील चिमुकले बेट. मराठी बायबलमध्ये त्याचे नाव 'मिलिता' असे येते. आज आपण 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय २७ व २८ हाती घेऊन तेथील काही स्थळे पाहू या.

पहिले स्थळ म्हणजे संत पौलाचा उपसागर. इसवी सन ६० च्या सुमारास संत पौलाचे गलबत येथे फुटले अशी परंपरा आहे. जवळच्या खडकाळ बेटावर त्याचा पुतळा उभा आहे. गलबतावर २७६ माणसे होती. पौल त्यांतील एक कैदी. सर्वजण कसेबसे किनाऱ्याला लागले. पाऊस पडत होता, थंडी होती. बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटवली आणि सर्वांना जवळ घेतले. कैदी कोण व शिपाई कोण, अशी विचारपूस त्यांनी आधी केल्याचे संत लूक सांगत नाही.

पुढे पौलाच्या हाताला साप डसला, तेव्हा लोकांना वाटले की हा नक्कीच खुनी असणार. त्याला काहीच झाले नाही, तेव्हा ते म्हणाले की हा तर देव! दोन्ही अंदाज चुकले. अनोळखी माणसाविषयी आपले अंदाज असेच चुकतात. शेकोटी मात्र चुकली नाही.

दुसरे स्थळ म्हणजे मदिना हे जुने तटबंदीचे शहर. बेटाचा प्रमुख पुब्लियस याने पाहुण्यांना तीन दिवस घरी ठेवून घेतले. त्याचे वडील ताप व आमांशाने आजारी होते. पौलाने प्रार्थना करून त्यांना बरे केले. परंपरेनुसार पुब्लियसच्या घराच्या जागीच मदिनाचे कॅथेड्रल आहे. १६९३ च्या भूकंपानंतर ते नव्याने बांधले गेले. शेजारच्या रबात गावात संत पौलाची गुहा आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ३ एप्रिल २०२२ रोजी तेथे प्रार्थना केली.

तिसरे स्थळ म्हणजे राजधानी व्हॅलेटा. १५६५ च्या मोठ्या वेढ्यानंतर, १५६६ मध्ये संत योहानाच्या सरदारांनी हे शहर वसवले. त्यांच्या चर्चमध्ये काराव्हाज्जो या चित्रकाराने १६०८ मध्ये काढलेले बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिरच्छेदाचे भव्य चित्र आहे. हा चित्रकार रोममध्ये एका माणसाला ठार करून पळालेला होता. त्यालाही काही काळ येथे थारा मिळाला. याच सरदारांचे मोठे रुग्णालय व्हॅलेटात होते. तेथे रोग्यांना चांदीच्या भांड्यांतून जेवण दिले जाई.

आता मूळ मुद्दा. पौल माल्टात तीन महिने राहिला. पण तेथील त्याचे एकही प्रवचन किंवा एकही बाप्तिस्मा लूकने नोंदवलेला नाही. नोंद आहे ती शेकोटीची, पाहुणचाराची, रोगमुक्तीची आणि निघताना लोकांनी दिलेल्या शिदोरीची. तत्त्वज्ञानात आपण कारण आणि कार्य यांचा क्रम पाहतो. येथे क्रम स्पष्ट आहे. ज्यांना सुवार्ता ठाऊक नव्हती, त्यांनी आधी प्रेम केले. मग श्रद्धेला घर मिळाले. आजही १० फेब्रुवारीला माल्टात या गलबतफुटीचा सण होतो. संकटाचा सण कोणी साजरा करील का? पण त्या संकटातूनच त्यांच्या दारी पाहुणा आला.

हे लिहिताना आम्हीही खजील आहोत. मागच्या बाकावर बसून मिस्सा संपताच निघून जाणारे एक भाडेकरू कुटुंब आम्ही कित्येक महिने पाहत होतो. नाव विचारले ते परवा, त्यांच्या घरी आजारपण आले तेव्हा. आम्ही क्रम उलटा लावला होता.

माल्टाला जाणे सर्वांना परवडणार नाही. मागच्या बाकापर्यंत जाणे सर्वांना जमेल.

समूहात चिंतनासाठी :
१. आपल्या आळीत नव्याने राहायला आलेल्या किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?
२. कोणाविषयी आपण न भेटताच मत बनवले आहे?
३. या आठवड्यात आपण कोणासाठी शेकोटी पेटवणार?

संत पौला, आम्हांसाठी विनंती कर.

— आपले धर्मगुरू