गरोदर मातेचे लसीकरण : वेळेचे महत्त्व

घरात पाचवी पूजली गेलेली असते, सर्वत्र आनंद असतो. आणि नेमक्या त्याच सुमारास चांगले दूध ओढणारे बाळ अकस्मात दूध ओढीनासे होते, त्याचा जबडा घट्ट मिटतो, अंग ताठरते. असा मृत्यू पूर्वी दैवाच्या माथी मारला जाई. वस्तुतः तो धनुर्वात होय. अस्वच्छ पात्याने नाळ कापल्यास किंवा नाळेवर माती, शेण लावल्यास त्याचे जंतू शरीरात शिरतात.

इतक्या कोवळ्या बाळाला स्वतः लस घेऊन संरक्षण मिळण्याइतका अवधीच नसतो. ते त्याला मातेकडूनच मिळावे लागते. मातेला लस टोचल्यावर तिच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात व वारेतून गर्भाला पोहोचतात. या क्रियेस काही आठवडे लागतात. म्हणूनच लस जितकी महत्त्वाची, तितकीच तिची वेळही.

शासकीय आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रीला धनुर्वात व घटसर्प यांवरील ‘टीडी’ लस मोफत मिळते. पहिली मात्रा गरोदरपणाची नोंद होताच घ्यावी. दुसरी त्यानंतर ४ आठवड्यांनी. आधीच्या गरोदरपणात दोन्ही मात्रा झाल्या असून ३ वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिल्यास एकच वर्धक मात्रा पुरते. हे सारे शक्यतो ३६ व्या आठवड्यापूर्वी पूर्ण व्हावे. तथापि उशीर झाला म्हणून लस टाळू नये. आधी घेतली नसल्यास ती प्रसूतीच्या वेळीही देतात.

ही वेळ बहुधा दोन ठिकाणी चुकते. तीन महिने उलटेपर्यंत गोड बातमी बाहेर सांगावयाची नाही, या संकोचाने नोंदणी लांबते. पुढे सातव्या महिन्यात लेक माहेरी येते आणि दुसरी मात्रा दोन गावांच्या मध्ये राहून जाते. संकोच जरूर पाळावा, परंतु आशाताई व परिचारिका यांच्यापासून नव्हे. माहेरी निघताना ओटीबरोबर माता-बाल संरक्षण कार्डही द्यावे.

रुबेलाची लस मात्र गरोदरपणात देत नाहीत. ती दिवस राहण्यापूर्वी किमान एक महिना घ्यावयाची असते.

मातांचा व नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून दूर झाल्याचे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. परंतु त्याचे जंतू मातीत आहेतच. त्यामुळे हे यश प्रत्येक गरोदरपणी नव्याने राखावे लागते.