चादरीवरचं इंद्रधनुष्य

"काय ओ, आमच्या चादरीवर हे इंद्रधनुष्य कुठनं आलं?" कारखानदार अण्णांनी लॅपटॉपवर बोट ठेवलं. राखाडी चौकड्यावर हिरव्या-जांभळ्या लाटा उठल्या होत्या. खरी चादर शेजारीच पडलेली, तिच्यावर असलं काही नव्हतं. चाळीस डिझाइनं पुन्हा काढावी लागली, आणि पैसे एकदाचेच मिळाले.

सोलापूरजवळ कुंभारीत घरामागच्या पत्र्याच्या शेडात माझा स्टुडिओ आहे. अक्कलकोट रोडची एमआयडीसी जवळ, त्यामुळे चादरी, टॉवेल, नॅपकिनचे कॅटलॉग हेच पोटापाण्याचं काम. मोठ्या सेन्सरचा जुना कॅमेरा घ्यायचा नाद मला दोनदा महागात पडला. इंद्रधनुष्याचा प्रसंग त्यातला दुसरा.

पहिल्यांदा घेतला सीसीडीच्या जमान्यातला डिजिटल बॅक. ३९ मेगापिक्सेल, एके काळी मोटारीच्या किमतीचा, आता कवडीमोल. रंग देखणे, हे मान्यच. आयएसओ ५० वर काढलेला त्याचा लाल टॉवेल मी अजून लोकांना दाखवतो. पण तो लॅपटॉपला जोडायला फायरवायर लागायची आणि माझ्या लॅपटॉपला ते भोकच नव्हतं. त्यासाठी जुना लॅपटॉप शोधला, तो निम्मा वेळ दवाखान्यातच. मे महिन्यात दुपारी शेड तापलं की गडद निळ्या चादरीत पांढरे ठिपके उठायचे. सीसीडीला उष्णता सोसत नाही. बॅटऱ्या फुगलेल्या, नव्या मिळेनात. विकला तेव्हा निम्मे पैसे हाती आले. जोडणीची वायर, बॅटरी आणि तुमच्या संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर, तिन्ही आज बाजारात मिळतात का, हे आधी बघा. रंगांचं कौतुक नंतर करा.

मग घेतला ५० मेगापिक्सेलचा, बिनआरशाचा. त्याच्यावर लाटा का उठल्या, हे मला पिक ग्लासनं शिकवलं. माग चालवणाऱ्याच्या खिशात असतं तेच ते भिंग, इंचातले धागे मोजायचं. त्या चादरीत इंचाला ४५ धागे निघाले. चादर ९० इंच लांब, आणि सेन्सरच्या लांब बाजूला ८२५६ पिक्सेल. म्हणजे चादर फ्रेमभर घेतली की इंचाला साधारण ९२ पिक्सेल, एका धाग्याच्या वाट्याला जेमतेम दोन. नेमक्या याच हिशोबावर धागे आणि पिक्सेल एकमेकांत अडकतात. त्याला म्वारे म्हणतात. या कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर ते दाबणारी गाळणीही नसते. धार हवी म्हणून काढलेली असते. सॉफ्टवेअरनं लाटा पुसता येतात, पण त्यांच्याबरोबर चौकड्याचा रंगही जातो.

१०० मेगापिक्सेलमध्ये त्याच बाजूला ११६४८ पिक्सेल असतात. इंचाला १२९, धाग्याला जवळपास तीन. तेवढ्यानं माझ्या चादरी सुटतात. इंचाला ६० धाग्यांचं बारीक कापड आलं तर तिथंही लाटा येणारच. मग कॅमेरा थोडा पुढे घ्यायचा, किंवा कापड दोन तुकड्यांत काढून जोडायचं.

पिक्सेल सोडून लोक साल बघतात आणि इथेच फसतात. नवं साल म्हणजे नवा सेन्सर, असं नसतं. फुजीफिल्मचा जीएफएक्स ५०एस २०१७ साली विक्रीला आला आणि ५०एस टू २०२१ साली. दुसऱ्यात हात हलला तरी फोटो सांभाळणारी सोय आली, बॅटरी बदलली. पिक्सेल मात्र ५१.४ मेगाच राहिले. उलट १०० मेगावाला जीएफएक्स १०० हा २०१९ चा, म्हणजे ५०एस टूहून जुना. माझा कॅमेरा स्टँडवर खिळलेला असतो, त्यामुळे हात सांभाळणाऱ्या सोयीचे पैसे मी कशाला भरू? झपझप फोकसचेही नकोत. चादर काही पळून जात नाही. लग्नाच्या मांडवात फिरणाऱ्यानं मात्र नेमके त्याचेच पैसे मोजावेत.

टॉवेलवाल्यांनी १०० च्या मागे लागू नये. टेरीच्या फासांना विणीसारखी शिस्त नसते, तिथं लाटा क्वचितच दिसतात, ५० पुरतो. १०० च्या एका रॉ फाइलला पूर्ण आकारात २०० एमबीच्या वर जागा लागते. हार्डडिस्कचा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करा. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरची धूळ बघा. बिल मागा. भारतातल्या वितरकाकडून आलेला नसेल तर दुरुस्तीच्या वेळी अडचण येते.

यंदा पुण्याला १०० चा कॅमेरा बघायला गेलो तो काखेत चादर घेऊन. दुकानातल्या पोरानं विचारलं, "काका, चादरी विकायला आलात का?" मी ती त्याच्या काउंटरवर पसरली, स्टँड मागितला, चारदा अंतर बदलून फोटो काढले आणि लॅपटॉपवर मोठे करून धागा न् धागा बघितला. लाटा नव्हत्या.

कॅमेरा घेतला. चादर त्या पोरानं ठेवून घेतली, वर विचारलं, "डबल बेडची नाही का?"