तेराव्या पायाची करामत

संगणकाला कान आणि तोंड देणारे यूएसबी ध्वनी-अडॅप्टर आपल्या नाशकात महात्मा गांधी रस्त्यावर मला दोनशे रुपयांच्या आत मिळाले. हौशी रेडिओवाल्यांना (परवानाधारक, हे सांगणे नलगे) त्याचा निराळाच उपयोग होतो. १४५.८२५ मेगाहर्ट्‌झवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील रेडिओ आपला छोटा मजकूर ऐकतो आणि लगेच त्याच कंप्रतेवर पुन्हा प्रक्षेपित करतो. मजकुराचे सूर संगणक तयार करतो. अडॅप्टर ते हातातल्या संचापर्यंत पोचवते.

अडचण येते ती बटणाची. बोलताना आपण संचाचे बटण दाबतो. संगणकाने ते कसे दाबावे? आवाज येताच आपोआप प्रक्षेपण सुरू करण्याची सोय माझ्या संचात आहे. आरंभी मी तिच्यावरच विसंबलो आणि फसलो. संच जागा होईपर्यंत मजकुराचे डोके उडते. आवाज थांबल्यावरही प्रक्षेपण क्षणभर चालूच राहते, त्यामुळे वरून परत आलेला मजकूर ऐकूच येत नाही. शिवाय संगणकाची फुटकळ ‘टिंग’ही आकाशात जाते! स्थानक क्षितिजावर असते जेमतेम दहा मिनिटे.

उपाय सी-मीडियाच्या सीएम१०८ या चिपमध्येच आहे. तिला ४८ पाय, बाजूस बारा. ठिपक्याजवळचा पहिला, तेथून घड्याळाच्या उलट मोजल्यास दुसऱ्या बाजूचा पहिलाच पाय तेरावा. स्वस्त अडॅप्टरात तो सहसा मोकळाच असतो, पण डायरवुल्फ हा प्रोग्रॅम त्याच्यावरचा दाब वर-खाली करू शकतो. त्या पायापासून ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला तार न्यावी. एमिटर ग्राउंडला, कलेक्टर संचाच्या बटणाच्या तारेला. झाले बटण.

लिहायला सोपे! दोन पायांतील अंतर अर्धा मिलिमीटर. पहिले अडॅप्टर मी शेजारच्या पायाला डाग चिकटवून मारले. दुसरे उघडले, तो आत चिपऐवजी काळ्या राळेचा थेंब. पाय नावालाही नाहीत. तिसऱ्या खेपेस केसासारखी एनॅमलची तार, भरपूर फ्लक्स आणि आजोबांचे भिंग घेऊन बसलो, तेव्हा जमले.

अडॅप्टरचा आवाज संचाच्या मायक्रोफोनला फार मोठा पडतो. १० किलोओहम व १०० ओहम यांच्या जोडीने तो सुमारे शंभरावा हिस्सा केला. अडॅप्टरच्या माइकच्या तोंडाशी थोडा विद्युतदाब असतो, तो अडवायला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी उभा राहून मजकूर पाठवला. दोन फेऱ्या कोरड्या गेल्या. तिसरीत स्थानक उतरणीला लागले असता पडद्यावर माझेच कॉलसाइन परत आले, सोबत स्थानकाचे नाव.