सातबाऱ्याची बेरीज

आमच्या मंठा तालुक्यांत सातबाऱ्याचा उतारा ज्यानें पाहिला नाहीं असा शेतकऱ्याचा मुलगा विरळा. पण हा उतारा म्हणजे दोन नमुन्यांचा जोड आहे, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. गांव नमुना सातमध्यें जमिनीवरील हक्कांची नोंद, बारामध्यें पिकांची. दोहोंस सांधणारा दुवा गट क्रमांकाचा. डेटाबेसला प्रश्न विचारून अहवाल काढणारा मनुष्य नेमकें हेंच करीत असतो. एडगर कॉड यांनीं १९७० सालीं परस्परसंबद्ध कोष्टकांची उपपत्ति मांडली. १९७४ त चेंबरलिन व बॉइस यांनीं तिच्या आधारें प्रश्नभाषा रचली. तीच पुढें एसक्यूएल या नांवानें रूढ झाली.

आतां असें समजूं कीं, गट १४ चें क्षेत्र २ हेक्टर असून त्यावर तिघा भावांचीं नांवें आहेत. गटांचें व खातेदारांचें कोष्टक जोडतांच गटाच्या एका ओळीच्या तीन ओळी होतात, आणि प्रत्येकींत २ हेक्टर! क्षेत्राची बेरीज मागावी तों उत्तर येतें ६. यंत्र कोठेंही अडखळत नाहीं. विचारलें तेंच त्यानें सांगितलें. अहवाल मात्र सुबक दिसतो, आणि अशा यादीवरून अतिवृष्टीची मदत वांटली गेल्यास नसलेल्या चार हेक्टरांचा पैसा जातो.

डिस्टिंक्ट हा शब्द घालून सारखे आंकडे एकदांच मोजण्याची युक्ति कित्येक करितात. ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. गट १४ व गट ३० यांचीं क्षेत्रें योगायोगानें सारखीं असलीं, तर बेरजेंतून एक खरी जमीन नाहींशी होते. सरळ मार्ग हा कीं, क्षेत्राची बेरीज गटांच्या कोष्टकावरच करावी. खातेदारवार हवी असल्यास प्रत्येकाच्या हिश्शाचें क्षेत्र घ्यावें.

याच्या उलट दोष गळतीचा. २०२१ सालापासून ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पीक नोंदवूं लागला. ज्यानें नोंदविलें नाहीं त्याचा गट साध्या जोडणींत अहवालांतून गळतो. मग शेत पडीक कीं नोंद राहिली, हें कोणास कळणार? येथें लेफ्ट जॉइन वापरावा. मात्र खरीप हंगामाची अट व्हेअरमध्यें घातली, तर रिकाम्या ओळी पुन्हां गळतात. ती जोडणीच्या ऑन या भागांतच ठेवावी. रिकाम्या जागीं शून्यही लिहूं नये, ‘नोंद नाहीं’ असें लिहावें. शून्य हें उत्तर आहे, रिकामी जागा हें उत्तर नव्हे.

अहवाल पुढें पाठविण्यापूर्वीं गांवाची एकूण बेरीज भूमि अभिलेख खात्याच्या आकारबंदाशीं ताडून पाहावी. बेरीज अधिक निघाल्यास ग्रुप बाय व हॅविंग लावून एकाहून अधिक ओळी असलेले गट निवडावे, आणि पहिला शोध तेथेंच घ्यावा.