पोटावरची सुई : हेपॅरिन वर्गातील औषधांविषयी काही व्यावहारिक टिपणे

‘रक्त पातळ करणारे इंजेक्शन’ हा शब्दप्रयोग आपण रुग्णांसमोर सर्रास करतो. सोयीचा असला तरी तो दिशाभूल करणारा आहे. हेपॅरिनमुळे रक्त पातळ होत नाही, त्यातील तांबड्या पेशी कमी होत नाहीत, हिमोग्लोबिनही उतरत नाही. रक्तातील अँटीथ्रॉम्बिन या नैसर्गिक प्रथिनाशी ते जोडले जाते व त्याचा वेग अनेक पटींनी वाढविते. परिणामी थ्रॉम्बिन व दहावा घटक निष्प्रभ होतात आणि गुठळीची वाढ थांबते. असलेली गुठळी विरघळविण्याचे काम मात्र शरीरालाच करावे लागते. हा शब्दच्छल नव्हे. लिंबायत-उधना भागातील माझे कित्येक रुग्ण ‘रक्त पातळ झाले तर अंगात ताकद राहायची नाही, साच्यावर उभे कसे राहणार?’ या भीतीने चौथ्या-पाचव्या दिवशी इंजेक्शन बंद करतात. म्हणून मी त्यांना ‘गुठळी वाढू न देणारी सुई’ असे सांगतो. दोन शब्द अधिक लागतात, पण सुई चुकत नाही.

या औषधाचा जन्म १९१६ सालचा. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत जे मॅक्लीन हा वैद्यकाचा विद्यार्थी रक्त गोठविणारा पदार्थ शोधीत होता. हाती लागला तो नेमका उलट गुणाचा. पुढे त्याचे गुरू हॉवेल यांनी यकृतासाठीच्या ग्रीक शब्दावरून ‘हेपॅरिन’ हे नाव रूढ केले. आज आपण अधिक वापरतो ते त्याचे लहान रेणूंचे रूप, म्हणजे एनॉक्सापॅरिन. शिरेतून सतत थेंब लावणे व वारंवार एपीटीटी तपासणे त्यामुळे बहुतांश रुग्णांत टळले आणि इंजेक्शन रुग्णालयाच्या भिंती ओलांडून घरी गेले. सोय वाढली, तसा धोकाही घरापर्यंत पोहोचला.

सर्वांत मोठा धोका मात्र औषधाच्या गुणधर्मात नसून आकड्यांत आहे. ४० मि.ग्रॅ. एनॉक्सापॅरिन म्हणजेच ४००० युनिट, म्हणजेच ०.४ मि.लि. एकाच मात्रेचे हे तीन आकडे. डॉक्टर एक लिहितो, खोक्यावर दुसरा ठळक असतो आणि परिचारिका तिसरा मोजते. त्यात एनॉक्सापॅरिनची बहुमात्रा कुपी स्वस्त पडते म्हणून आणली गेली आणि घरात मधुमेही आजोबांची इन्सुलिनची सिरिंज पडलेली असली की अनर्थाला निमित्त पुरते. चाळीस युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर ४० ची रेघ म्हणजे पूर्ण १ मि.लि. आणि या कुपीत १ मि.लि. मध्ये १०० मि.ग्रॅ. औषध असते. ‘चाळीस द्यायचे’ एवढेच ध्यानात ठेवून ४० च्या रेघेपर्यंत ओढले, तर अडीच पट मात्रा पोटात जाते! घरी देण्यासाठी मी केवळ आधीच भरलेली सिरिंजच लिहितो. दोन पैसे अधिक गेले तरी चालतील.

साध्या हेपॅरिनची गोष्ट याहून नाजूक आहे. ५ मि.लि. च्या एकसारख्या कुप्या, एकीत १ मि.लि. ला १००० युनिट, दुसरीत ५०००. दोन्ही एकाच खणात शेजारी ठेवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. लॉस एंजेलिससारख्या शहरात, नामांकित रुग्णालयात, २००७ साली अभिनेते डेनिस क्वेड यांच्या नवजात जुळ्यांना १ मि.लि. ला १० युनिटच्या द्रावणाऐवजी १०,००० युनिटचे द्रावण दिले गेले. बाळे सुदैवाने वाचली. त्याआधी २००६ साली इंडियानापोलिस येथे अशाच अदलाबदलीत तीन अर्भके दगावली होती. आपल्या छोट्या नर्सिंग होममध्ये दोन कुप्यांना दोन वेगळे खण देणे, एवढे तरी आजच करता येण्याजोगे आहे.

सुई देण्याची रीत तशी सोपी. रुग्णाला उताणे निजवावे, बेंबीपासून चार बोटे दूर, उजवी-डावी बाजू आलटून-पालटून घ्यावी. कातडीची घडी चिमटीत धरावी, सुई सरळ काटकोनात पूर्ण आत घालावी आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडू नये. पूर्ण मात्रा द्यायची असल्यास सिरिंजमधील हवेचा बुडबुडा काढू नये. तो औषधाला मागून ढकलतो. नंतर चोळू नये. चोळण्याची आपल्याकडे फार हौस! पोटावर जे निळे-काळे डाग उठतात, त्यांतील बरेचसे औषधाचे नसून हाताचे असतात.

मात्रा वजनावर अवलंबून असते, म्हणून वजन काट्यावर करावे. गिरणीत राबणाऱ्या सडपातळ कामगाराला ‘साधारण साठ’ धरले आणि तो भरला ४६ किलो, तर चौदा किलोंचे औषध फुकट रक्तस्रावाच्या खात्यात जाते. उपचारासाठी दर किलोला १ मि.ग्रॅ. दर बारा तासांनी, हा नेहमीचा हिशेब. परंतु क्रिएटिनिन क्लिअरन्स ३० च्या खाली असेल तर दिवसातून एकदाच. वृद्ध स्त्रीचे क्रिएटिनिन १.३ दिसते आणि आपण निश्चिंत होतो. वय व वजन घालून गणित केले की मूत्रपिंडांची खरी स्थिती कळते. प्लेटलेट्सही पाहाव्यात. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान त्या निम्म्यावर आल्या तर रक्तस्रावाची नव्हे, उलट नव्या गुठळ्यांची भीती असते आणि हेपॅरिन तत्काळ थांबवावे लागते.

भूलतज्ज्ञ मित्रांसाठी एकच वाक्य : पाठीच्या मणक्यात सुई घालण्यापूर्वी प्रतिबंधक मात्रेनंतर बारा तास आणि उपचाराच्या मात्रेनंतर चोवीस तास गेलेच पाहिजेत. नाहीतर कण्यातील रक्ताची गाठ रुग्णाला कायमचे पंगू करू शकते.

सुरतेत एका गोष्टीचा उल्लेख टाळून चालणार नाही. एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. आपल्या गावी जैन कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, मुस्लिम रुग्ण आहेत आणि आपल्यातील माळकरीही आहेत. बहुतेक जण प्राणरक्षणासाठी संमती देतात, असा माझा अनुभव आहे, पण विचारल्यावर. नंतर कळले तर विश्वास तुटतो. पूर्णतः रासायनिक पद्धतीने बनलेले फोंडापॅरिनक्स हा पर्याय आहे. मात्र तेही मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते आणि त्यावर प्रोटामिनचा उतारा चालत नाही, हे सांगूनच निवड करावी. एनॉक्सापॅरिनवरही प्रोटामिन अपुरेच पडते, हेही लक्षात असावे.

शेवटी ताप्तीमार्गाची गाडी. गुडघा किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आपला खानदेशी रुग्ण विश्रांतीसाठी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडे निघतो. सोबत पिशवीत सिरिंजा. मे महिन्यात तिकडे पारा चाळीस ओलांडतो आणि औषध पंचविसाच्या आत ठेवायचे असते. घरी फ्रिज असल्यास दारातील कप्प्यात ठेवावे. बर्फाच्या खणात कदापि नाही, गोठलेले औषध फेकून द्यावे. फ्रिज नसेल तर डबा हवाबंद करून माठाजवळच्या गार कोपऱ्यात.

गावी कंबर दुखली की जवळच्या दवाखान्यात डायक्लोफिनॅकची सुई टोचली जाते. या औषधावर असलेल्या माणसाच्या स्नायूत दिलेली ती एक सुई मांडीएवढी रक्ताची गाठ करू शकते. म्हणून इंग्रजी डिस्चार्ज कार्डाखाली मी मराठीत, ठळक अक्षरांत लिहितो : गुठळीविरोधी इंजेक्शन चालू आहे, शेवटची तारीख अमुक, कमरेत अथवा दंडात स्नायूत सुई देऊ नये, अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल, काळी शौच, लाल लघवी, डोके दुखून उलटी किंवा अचानक दम लागल्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. खाली माझा दूरध्वनी क्रमांक. गावाकडच्या डॉक्टरांचे फोन येतात, कधी रात्री अकरालाही, आणि ते यावेत यासाठीच तो लिहिलेला असतो.